वाचकांचे प्रश्न : नोकरीच्या ठिकाणचा गैरव्यवहार आणि गोपनीय तक्रार

कामाच्या ठिकाणी चाललेला गैरप्रकार नजरेस आल्यावर तो कोणाला कळवावा, कसा कळवावा आणि कळवताना स्वतःचे नाव कितपत सुरक्षित राहते, याविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळी उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांची नावे व गावे वगळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. येथील उत्तरे सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहेत. प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी कागदपत्रे घेऊन वकिलांना जरूर भेटावे.

प्रश्न : मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर विभागात काम करतो. मूळ कंपनी अमेरिकेची आहे. भंगाराच्या गाड्या बाहेर जाताना वजनात घोळ केला जातो. रिकाम्या गाडीचे वजन फुगवून घेतले जाते, आणि पितळेचे टर्निंग, म्हणजे कातकामातून निघणारा कीस, लोखंडी भंगाराच्या दराने बाहेर जाते. विभागप्रमुख आणि भंगाराचा ठेकेदार यांचे संगनमत आहे, अशी माझी खात्री आहे. कॅन्टीनमध्ये ‘एथिक्स हेल्पलाइन’चा फलक आहे आणि ती बाहेरची एजन्सी चालवते असे म्हणतात. मी फोन केला तर माझे नाव विभागप्रमुखांपर्यंत जाईल का? शिवाय निनावी तक्रारीची कोणी दखल घेत नाही असे सहकारी म्हणतात, ते खरे आहे का?

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांचे उत्तर बरेचसे एकच आहे. तक्रारीत माणूस जितका कमी आणि कागद जितका जास्त बोलेल, तितके नाव सुरक्षित राहते आणि तितकीच तक्रारीची दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते.

आधी हेल्पलाइनचे काम कसे चालते ते पाहू. अशी एजन्सी कंपनीकडून मोबदला घेते, मात्र कंपनीच्या कोणत्याही विभागप्रमुखाच्या हाताखाली ती नसते. फोन घेणारी व्यक्ती काय घडले, कोठे, कधीपासून, कोण गुंतले आहे आणि आपल्याला हे कसे कळले, एवढे विचारून टिपून घेते. मोठ्या एजन्सींकडे मराठी व हिंदी बोलणारी माणसे असतात, त्यामुळे इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. शेवटी आपल्याला एक संदर्भ क्रमांक आणि बहुधा एक सांकेतिक क्रमांक दिला जातो. टिपलेली तक्रार कंपनीच्या एथिक्स अधिकाऱ्याकडे किंवा समितीकडे जाते. तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर ती दुसऱ्या ठरलेल्या व्यक्तीकडे वळवण्याची सोय चांगल्या यंत्रणेत असते. आपल्या बाबतीत ती आहे का, हे कंपनीच्या धोरणात वाचायला मिळेल.

ही व्यवस्था केवळ व्यवस्थापनाच्या मर्जीवर उभी नाही. एन्रॉन आणि वर्ल्डकॉम या कंपन्यांचे घोटाळे उघड झाल्यानंतर अमेरिकेत २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. तेथील शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या लेखापरीक्षण समितीने हिशेब व लेखापरीक्षणाविषयीच्या तक्रारी कर्मचाऱ्यांना गोपनीयपणे आणि नाव न देता करता याव्यात अशी सोय ठेवली पाहिजे, असे तो सांगतो. आपली मूळ कंपनी अशी नोंदलेली असेल तर कॅन्टीनमधल्या फलकाचे मूळ तेथे आहे. आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्यांना आणि बँका व वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांपेक्षा जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्यांना दक्षता यंत्रणा, म्हणजे अशा तक्रारी घेण्याची अधिकृत सोय, ठेवावी लागते. तक्रारदाराचा छळ होऊ नये यासाठी पुरेसे संरक्षण आणि योग्य किंवा अपवादात्मक प्रसंगी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट पोहोचण्याची वाट, या दोन्ही गोष्टी त्या यंत्रणेत असल्याच पाहिजेत.

आता नावाविषयी. नाव सांगून गोपनीयता मागितली, तर ते एजन्सीला आणि चौकशी करणाऱ्या एकदोघांना कळते व त्यांच्या शब्दावर आपण विसंबून राहतो. नाव सांगितलेच नाही, तर विसंबण्याचा प्रश्न उरत नाही, पण मग आपल्याला शोधून पुढचे प्रश्न विचारण्याचा मार्गही चौकशी अधिकाऱ्याकडे राहत नाही. माझा सल्ला असा की पहिल्या फोनमध्ये नाव देऊ नये, संदर्भ क्रमांक जपून ठेवावा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा फोन करून काही विचारणा आली आहे का ते पाहावे. पुष्कळ चांगल्या तक्रारी येथेच संपतात. चौकशी अधिकारी प्रश्न पाठवून वाट पाहत बसतो, तक्रारदार परत येत नाही आणि फाइल बंद होते.

फोन कारखान्यातून करू नये. कंपनीने दिलेल्या मोबाइलवरून, कार्यालयाच्या लँडलाइनवरून किंवा कंपनीच्या वायफायवरूनही करू नये. एजन्सी क्रमांक नोंदवत नसली, तरी कंपनीच्या स्वतःच्या टेलिफोन यंत्रणेत आणि नेटवर्कमध्ये कोणी कोठे संपर्क केला याची नोंद राहते. ऑनलाइन अर्ज भरायचा असेल तर स्वतःच्या फोनवरून, घरी बसून भरावा. छायाचित्र जोडताना लक्षात ठेवावे की त्या फाइलमध्ये फोनचे मॉडेल, वेळ आणि कधी कधी ठिकाणही साठवलेले असते. वर्डमध्ये टंकलेल्या पत्राच्या गुणधर्मांत संगणकाच्या मालकाचे नाव असू शकते.

मात्र माझ्या अनुभवात नाव फुटते ते यंत्रांपेक्षा मजकुरातून. समजा आपण असे लिहिले : ‘१४ तारखेला रात्रपाळीत मी स्टोअरमध्ये एकटा असताना ठेकेदाराची गाडी आली आणि साहेबांनी मला पावतीवर सही करायला सांगितली.’ एकच वाक्य, पण ते वाचताच हजेरीपट काढून आपले नाव सांगता येईल. याउलट असे लिहिले तर? ‘जानेवारी ते मार्च या काळात भंगार घेऊन गेलेल्या सर्व गाड्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या काढाव्यात. प्रत्येक गाडीचे रिकामे वजन इतर फेऱ्यांतील रिकाम्या वजनाशी ताडून पाहावे. सुरक्षा विभागाच्या नोंदवहीत गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ आहे. पितळेच्या टर्निंगची निर्मिती यंत्रशाळेच्या नोंदीतून काढता येते. तेवढे पितळ विक्रीच्या चलनांत दिसते का ते पाहावे.’ हे स्टोअरमधला, गेटवरचा, हिशेब विभागातला किंवा यंत्रशाळेतला कोणीही लिहू शकला असता. आणि चौकशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने हीच तक्रार जास्त मोलाची आहे, कारण कोणते कागद काढायचे हे त्याला पहिल्या दिवशीच कळते. एकाच गाडीचे रिकामे वजन एका फेरीत कमी आणि दुसऱ्या फेरीत दोन-तीनशे किलोंनी जास्त भरत असेल, तर कोणाच्या साक्षीची वाट पाहावी लागत नाही.

जे डोळ्यांनी पाहिले आणि ज्याचा अंदाज केला, ते वेगळे लिहावे. संगनमत हा आपला निष्कर्ष आहे. तो कदाचित बरोबर असेल, पण तो काढण्याचे काम चौकशीवर सोपवलेले बरे. पुरावा मिळवण्याच्या भरात नोंदवही घरी नेणे, दुसऱ्याच्या संगणकात शिरणे किंवा ज्या फाइली पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही त्यांची प्रत काढणे, यांतले काहीही करू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ व ६६ तक्रारदारालाही लागू होतात, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते हे शस्त्र हमखास वापरतात.

निनावी तक्रारीला किंमत नसते, हे आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही. जानेवारी २०१५ मध्ये शेअर बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीकडे एक पत्र आले. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात को-लोकेशनच्या, म्हणजे दलालांचे संगणक बाजाराच्या संगणकाशेजारीच ठेवण्याच्या, सोयीमुळे काही दलालांना इतरांच्या आधी माहिती मिळते, असे त्यात म्हटले होते. पाठवणाऱ्याने स्वतःचे खरे नाव दिले नव्हते, पण यंत्रणा कशी चालते आणि नेमकी फट कोठे आहे याचे बारीक वर्णन त्याने केले होते. पत्राची प्रत पत्रकार सुचेता दलाल यांच्याकडेही गेली. त्यांच्या ‘मनीलाइफ’ या नियतकालिकाने ते प्रकरण छापल्यावर शेअर बाजाराने शंभर कोटी रुपयांचा मानहानीचा दावा लावला. सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनाईहुकुमाची मागणी फेटाळली आणि उलट शेअर बाजारालाच ५० लाख रुपये भरायला सांगितले. पुढे अनेक वर्षे चौकश्या चालल्या. सेबीने २०१९ मध्ये दिलेला मोठ्या वसुलीचा आदेश अपिलात २०२३ मध्ये बराच सौम्य झाला, हेही सांगितले पाहिजे. तरीही देशातल्या सर्वांत मोठ्या शेअर बाजाराची झाडाझडती एका टोपणनावाच्या पत्रातून सुरू झाली आणि ते पत्र टिकले ते त्यातल्या पडताळता येणाऱ्या तपशिलांमुळे.

प्रश्न : मी केंद्र सरकारच्या एका उपक्रमात अभियंता आहे. निविदेच्या अटी एकाच ठेकेदाराला पुरतील अशा लिहिल्या जातात. आमच्याच दक्षता विभागाकडे जायची मला भीती वाटते. केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते असे ऐकले. आयोगाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवू का?

उत्तर : संकेतस्थळावर नोंदवू नका. नाव गुप्त ठेवण्याची जी विशेष तरतूद आहे, तिचा लाभ ऑनलाइन किंवा ईमेलने केलेल्या तक्रारीला मिळत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

या तरतुदीमागे एका तरुण अभियंत्याचा मृत्यू आहे. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होते आणि झारखंडमधील कोडरमा येथे सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पाच्या कामावर नेमलेले होते. कामातील गैरव्यवहाराविषयी त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. तपास यंत्रणेने हत्येमागचे कारण लूटमार असल्याचे सांगितले, तरी विनंती करूनही त्यांचे नाव उघड झाले होते ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. देशभर संताप उसळला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने एक ठराव काढून अशा तक्रारी घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवले. सरकारी भाषेत त्याला ‘पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स’, थोडक्यात पीआयडीपीआय म्हणतात.

या ठरावाखालची तक्रार कागदावर लिहून, बंद पाकिटातच पाठवावी लागते. पाकिटावर आयोगाचे सचिव, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३ असा पत्ता घालून ‘पीआयडीपीआय’ असे ठळक लिहावे. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव किंवा पत्ता अजिबात लिहू नये. पाठवणाऱ्याचा पत्ता नसला तरी अशी पाकिटे स्वीकारावीत, अशा सूचना टपाल कार्यालयांना दिलेल्या आहेत. नाव आणि पत्ता आत, मजकुराच्या सुरुवातीला किंवा शेवटी अथवा वेगळ्या चिठ्ठीवर द्यावा. तो द्यावाच लागतो, कारण या ठरावाखाली निनावी तक्रार घेतली जात नाही. आयोग मजकुरापासून नाव वेगळे करतो आणि पुढे चौकशीला जातो तो फक्त मजकूर. म्हणूनच वरच्या उत्तरात सांगितलेली काळजी येथेही घ्यावी. मजकुराच्या कोणत्याही ओळीवरून लिहिणारा ओळखता येऊ नये, असे आयोगही बजावतो.

आयोग पोच देत नाही, त्यामुळे उत्तर आले नाही म्हणून अस्वस्थ होऊन चौकशीची पत्रे पाठवू नयेत. याच विषयावर आधी माहितीच्या अधिकारात स्वतःच्या नावाने अर्ज केला असेल, किंवा तीच तक्रार दुसऱ्या दोन-चार कार्यालयांना धाडली असेल, तर गुप्ततेला अर्थ उरत नाही. एकच दार निवडावे. तक्रारीनंतर छळ झाला तर आयोगाकडे दाद मागता येते आणि आयोग संबंधित खात्याला निर्देश देऊ शकतो.

ही सोय केंद्र सरकारचे कर्मचारी, केंद्राचे उपक्रम, सरकारी बँका अशांपुरती आहे. राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी ती नाही. महाराष्ट्रात लाच मागितली जात असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणासाठी संसदेने २०१४ मध्ये स्वतंत्र कायदाही केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अंमलात आणणारी अधिसूचनाच निघाली नाही. दुबे यांच्या मृत्यूनंतर इतकी वर्षे उलटूनही आपण एका सरकारी ठरावावर भागवत आहोत, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रश्न : कार्यालयात वरिष्ठांकडून लैंगिक छळ होत असेल तर कंपनीच्या हेल्पलाइनवर निनावी तक्रार करणे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार ही तक्रार अंतर्गत समितीकडे, लेखी स्वरूपात, घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. समिती कारणे नोंदवून ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिची प्रत मिळते, म्हणून ती निनावी राहू शकत नाही. मात्र कलम १६ प्रमाणे तक्रारदार महिलेचे नाव व चौकशीचा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. हेल्पलाइनवर फोन केला असल्यास हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबून मुदत हातची जाऊ देऊ नये.

प्रश्न : एमआयडीसीतील आमच्या रासायनिक कारखान्यात उत्पादन थांबू नये म्हणून सुरक्षिततेचे इंटरलॉक, म्हणजे धोका होताच यंत्र आपोआप थांबवणारी साधने, बायपास करून ठेवतात. कळवायचे कोणाला?

उत्तर : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. तक्रारदाराचे नाव निरीक्षकाने पूर्णपणे गुप्त ठेवावे, आणि आपली भेट तक्रारीवरून झाली आहे हेदेखील मालकाला सांगू नये, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ८१ क्रमांकाच्या कराराचे कलम १५ सांगते. भारताने तो करार १९४९ मध्ये मान्य केला आहे. कोणत्या रिॲक्टरचा कोणता इंटरलॉक, हे टॅग क्रमांकासह लिहावे, म्हणजे निरीक्षक थेट तेथेच जाईल. वायुगळतीसारखा धोका समोर दिसत असेल तर मात्र नावाची पर्वा न करता ताबडतोब ११२ ला फोन करावा.

प्रश्न : मी एका नागरी सहकारी पतसंस्थेत लिपिक आहे. सोनेतारण कर्जाच्या काही प्रकरणांत बनावट दागिने ठेवून संचालकांच्या नातेवाइकांना रकमा दिल्या गेल्या आहेत. काही व्हाउचरवर माझीही सही आहे. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य सहीविषयीचे आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो. तक्रार करण्याआधी फौजदारी वकिलांना भेटा आणि कोणत्या व्हाउचरवर, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या हुद्द्यावर असताना सही केली हे तारीखवार लिहून त्यांच्याकडे ठेवा. प्रकरण उघड झाल्यावर संचालक मंडळ पहिले बोट खालच्या कर्मचाऱ्याकडे दाखवते. आपण स्वतःहून आधी बोललात याची नोंद असणे, हाच तेव्हा आपला आधार.

पतसंस्था ही कंपनी नव्हे, त्यामुळे कंपनी कायद्यातील दक्षता यंत्रणा तेथे लागू नाही. रिझर्व्ह बँकेची देखरेख नागरी सहकारी बँकांवर असते, पतसंस्थांवर नसते. पतसंस्थेवर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो आणि अधिकार सहकार खात्याच्या निबंधकांचे असतात. कलम ८३ खाली निबंधक स्वतःहून चौकशी लावू शकतात, आणि नुकसानीची जबाबदारी कलम ८८ खाली संचालकांवर व्यक्तिशः बसवता येते. पण तक्रारदार कर्मचाऱ्याचे नाव गुप्त ठेवणारी खास तरतूद या कायद्यात नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात सकाळी दिलेला अर्ज संध्याकाळपर्यंत अध्यक्षांच्या कानावर जाण्याचा धोका असतो, हे आपण जाणताच. म्हणून पत्र थेट जिल्हा उपनिबंधकांना किंवा पुण्यातील सहकार आयुक्तांना टपालाने पाठवावे, आणि ते गावातल्या पोस्टातून टाकू नये.

दुसरा आणि बरेचदा जास्त परिणामकारक मार्ग लेखापरीक्षकाचा आहे. लेखापरीक्षण चालू असताना त्यांना एवढेच कळले पाहिजे की अमुक काळात वाटप झालेल्या सोनेतारण पिशव्या दुसऱ्या सराफाकडून उघडून तपासाव्यात. पिशवीवरचे सील, कर्जखतातील वजन, मूल्यांकन करणाऱ्याची सही आणि आतला दागिना हे चारही समोर आले की खरे-खोटे त्याच टेबलावर ठरते. अपहार आढळल्यास निबंधकांना विशेष अहवाल देऊन त्यांच्या परवानगीने गुन्हा नोंदवणे ही लेखापरीक्षकाची कायदेशीर जबाबदारी आहे, म्हणजे फिर्यादी म्हणून आपले नाव येण्याची गरज उरत नाही. लेखापरीक्षकच संचालकांच्या बैठकीतला असेल, तर मात्र आयुक्तांचाच मार्ग धरावा.

गावातल्या ठेवीदारांना हळूच सांगून टाकावे असा मोह होईल. तो आवरा. अफवा पसरून ठेवी काढायला रांग लागली तर बुडते ती शेवटच्या माणसाची रक्कम, आणि कागदपत्रे नाहीशी करायला संबंधितांना वेळ मिळतो.

प्रश्न : माझा दीडशे कामगारांचा कारखाना आहे. तक्रारपेटी लावून बराच काळ झाला, पण आत कधी चिठ्ठी सापडत नाही. म्हणजे सर्व ठीक आहे असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. पेटी कोठे आहे ते आधी पाहा. बहुतेक कारखान्यांत ती मनुष्यबळ विभागाच्या दाराशी, कॅमेऱ्याच्या नजरेखाली असते, आणि किल्ली ज्याच्याविषयी तक्रार होऊ शकते त्याच व्यवस्थापकाकडे असते. अशा पेटीत चिठ्ठी टाकण्याचे धाडस कामगार का करील?

जगभरातील आर्थिक अफरातफरींचा अभ्यास करणाऱ्या असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात असे दिसते की त्यांनी पाहिलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या खबरीवरून उघडकीस आली आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक कर्मचारीच होते. लेखापरीक्षणात सापडलेल्या प्रकरणांचे प्रमाण याच्या आसपासही नाही. हे दार बंद राहण्यात नुकसान आपलेच आहे.

कंपनीवर बँकांचे कर्ज ५० कोटींच्या वर असेल तर यंत्रणा ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे. नसेल तरी कारखान्याशी व्यवहार नसलेल्या एखाद्या विश्वासू बाहेरच्या व्यक्तीकडे, निवृत्त न्यायाधीश किंवा जुन्या सनदी लेखापालाकडे, हे काम सोपवता येईल. त्यांचा फोन क्रमांक वेतनचिठ्ठीच्या मागे छापावा, म्हणजे तो पाहायला कोणाला फलकासमोर उभे राहावे लागणार नाही. तक्रार मिळाल्याची पोच सात दिवसांत आणि काय केले याची माहिती तीन महिन्यांत द्यावी, असे युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात म्हटले आहे. ही मुदत आपल्यालाही पाळता येण्याजोगी आहे. आणि एखादी तक्रार खरी ठरली की नावे न घेता काय कारवाई झाली ते सूचनाफलकावर लावावे. कामगार धोरण वाचत नाहीत, ते मागच्या तक्रारीचे काय झाले ते पाहतात.

प्रश्न : मी एका सूचिबद्ध कंपनीत आहे. खोट्या बिलांविषयी मी नावानिशी, पण गोपनीय म्हणून तक्रार केली. दोन महिन्यांत माझी बदली झाली, मूल्यमापनात शेरा वाईट आला आणि आता ‘स्वेच्छेने’ राजीनामा द्यावा असे सुचवले जात आहे. तक्रारीचे काय झाले तेही कोणी सांगत नाही.

उत्तर : आपल्या बाबतीत जे घडते आहे ते कंपनी कायद्याला आणि सेबीच्या नियमांना धरून नाही. दोन्हींत तक्रारदाराला त्रास होऊ नये अशी व्यवस्था ठेवण्याचे बंधन आहे. तरीही वस्तुस्थिती आपल्याला स्पष्ट सांगितली पाहिजे. खाजगी क्षेत्रातील तक्रारदाराला नोकरीत परत बसवणारा किंवा भरपाई देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, म्हणून उपलब्ध मार्ग जोडीने वापरावे लागतील.

पहिले काम म्हणजे लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना थेट पत्र. ते स्वतंत्र संचालक असतात. त्यांचा संपर्क कंपनीच्या दक्षता धोरणात असतो आणि ते धोरण संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे कंपनीला बंधनकारक आहे. पत्रात भावना कमी आणि तारखा जास्त असाव्यात : तक्रार कधी केली, कोणाला केली, संदर्भ क्रमांक काय, बदलीचा आदेश कोणत्या तारखेचा, त्या आधीच्या तीन वर्षांचे शेरे कोणते. आधी उत्तम आणि तक्रारीनंतर लगेच निकृष्ट, हा क्रम कागदावर मांडला की तो स्वतःच बोलतो. कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षकांनाही प्रत पाठवावी. वर्षभरात आलेल्या अशा तक्रारी विचारात घेतल्या का, हे त्यांना कंपनी (लेखापरीक्षकांचा अहवाल) आदेश, २०२० नुसार आपल्या अहवालात नमूद करावे लागते, त्यामुळे पत्र टोपलीत टाकणे त्यांना सोपे जात नाही.

आपली तक्रार कंपनीच्या प्रसिद्ध न झालेल्या आतल्या माहितीवर केलेल्या शेअर-व्यवहारांविषयी असती तर परिस्थिती निराळी असती. त्यासाठी सेबीने डिसेंबर २०१९ पासून वेगळी व्यवस्था केली आहे. वकिलामार्फत नाव न देता माहिती कळवता येते, सूडबुद्धीने कारवाई करण्यास मनाई आहे आणि वसुली झाल्यास तिच्या दहा टक्क्यांपर्यंत बक्षीसही मिळू शकते. खोट्या बिलांना ते संरक्षण मिळत नाही. हा भेद मला न्याय्य वाटत नाही, पण आज तो आहे.

आपण कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत बसत असाल, तर सूडबुद्धीने बदली किंवा बडतर्फी केल्याविरुद्ध कामगार कायद्यांखाली दाद मागता येते. पदाचे नाव एक्झिक्युटिव्ह किंवा ऑफिसर असले तरी प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहिले जाते, म्हणून पदनामावरून स्वतःच निष्कर्ष काढू नका. अशा अर्जांना मुदत असते, त्यामुळे वकिलांकडे या आठवड्यातच जावे. बदलीच्या ठिकाणी निषेध नोंदवून, लेखी हक्क राखून ठेवून हजर व्हावे. गैरहजर राहिलात तर कंपनीला हवे असलेले कारण आयतेच मिळेल. आणि राजीनाम्याचा कागद समोर ठेवला गेला, बंद खोलीत बसवून ‘आत्ताच सही करा, अनुभवपत्र चांगले देऊ’ असे सांगितले गेले, तर सही करू नका. घरच्यांशी बोलून कळवतो एवढेच म्हणावे, बाहेर पडावे आणि त्याच संध्याकाळी त्या बैठकीत कोण होते व काय बोलले गेले ते स्वतःच्या खाजगी ईमेलवरून वकिलांना लिहून पाठवावे.